परकी सत्ता आणि विद्यापीठांचे स्वातंत्र्य



परकी सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तोफा, तुरुंग आणि जप्तीची वॉरंटे उभी राहतात. विद्यापीठावर परक्यांचा घाला पडला असे कोणी सांगितले, तर दाराला लागलेले कुलूप आणि बेड्या घातलेले अध्यापक आपण मनापुढे आणतो. अशा गोष्टी इतिहासात घडल्या आहेत. नोव्हेंबर १९३९ मध्ये जर्मन अधिकाऱ्यांनी पोलंडातील क्राकोच्या प्राचीन विद्यापीठाच्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने सभागृहात जमविले आणि तेथूनच त्यांची रवानगी छळछावणीत केली. त्याच महिन्यात झेक लोकांची विद्यापीठेही बंद झाली. परंतु असा घाला ओळखायला फारशी बुद्धी लागत नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

आज मला बोलायचे आहे ते निराळ्या प्रकाराविषयी. या प्रकारात दरवाजा उघडाच असतो. वर्ग भरतात, परीक्षा होतात, पदवीदानाच्या दिवशी रेशमी झगे झळकतात. आणि तरीही विद्यापीठ हळूहळू दुसऱ्याच्या मुठीत जाते. हा प्रकार आपल्याच देशात घडला. त्याचा पाया १८५७ साली घातला गेला, १९०४ साली त्यावर कायद्याची इमारत चढली आणि १९२३ साली एका मोठ्या पुरुषाने त्या इमारतीच्या धन्याला रोखठोक नकार दिला. या कथेत पुण्याची माणसे आहेत आणि कलकत्त्याचीही आहेत. ती नेहमीच एका बाजूला उभी नव्हती, आणि म्हणूनच ही कथा नीट समजून घेतली पाहिजे.

१८५४ साली वुडचा खलिता आला आणि त्याला अनुसरून १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. सत्तावन्नचे साल कशासाठी प्रसिद्ध आहे हे आपणांस सांगायला नको. उत्तरेत राज्य जाते की राहते अशी अवस्था असताना इकडे सरकार विद्यापीठांचे कायदे मंजूर करीत होते. ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची होती, म्हणजे ती स्वतः शिकवीत नसत. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. कारभार पाहणाऱ्या सेनेटवरचे फेलो सरकार नेमी. पण एकदा नेमलेला फेलो सामान्यतः तहहयात असे, आणि फेलोंच्या संख्येला वरची मर्यादा नव्हती. ही व्यवस्था लोकशाहीची नव्हती, हे खरे. तथापि तहहयात नेमलेल्या माणसाला पुन्हा नेमणुकीसाठी कोणाचे तोंड पाहावे लागत नाही, ही त्यातली एक मोठी सोय होती. फेरोजशहा मेहतांसारखा ताठ कण्याचा माणूस याच सोयीमुळे मुंबईच्या सेनेटमध्ये सरकारला जाहीरपणे अडवू शके.

मग त्या काळी परक्या सत्तेचा दाब नव्हता काय? होता, पण तो कायद्याच्या कलमांत न दिसता माणसांच्या मनात दिसे. न्यायमूर्ती रानडे यांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना त्यांनी आपल्या लेखनात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूला झुकविले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्याप्रेमी गृहस्थ होते आणि रानड्यांवर त्यांचा लोभही होता. पण जे सरकार तुला शिकविते त्याचीच अशी निंदा करू नये, अशी समज देऊन त्यांनी सहा महिने रानड्यांची शिष्यवृत्ती बंद केली.

या गोष्टीत ग्रँटसाहेब खलपुरुष नाहीत. त्यांना वरून कोणी हुकूम पाठविला नव्हता. एक चांगला शिक्षक, एक चांगला विद्यार्थी आणि मध्ये शिष्यवृत्तीचे थोडे रुपये, एवढीच सामग्री आहे. परंतु परक्या सत्तेच्या छायेत विद्या कशी वाकते, हे दाखवायला ती पुरेशी आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविषयी खरे बोलायचे नाही, हा नियम एकदा शिक्षकानेच मान्य केला म्हणजे सरकारला वेगळा कायदा करावा लागत नाही.

तो कायदा करण्याची हौस पुढे लॉर्ड कर्झन यांना झाली. १८९९ च्या आरंभी ते व्हाइसरॉय होऊन आले. बुद्धीने तीक्ष्ण, कामाला वाघ, आणि हिंदी माणसाच्या कर्तृत्वाविषयी मनात पुरती अढी. सप्टेंबर १९०१ मध्ये त्यांनी सिमल्याला शिक्षणाधिकाऱ्यांची परिषद भरविली. साऱ्या हिंदुस्थानच्या शिक्षणाचा विचार तेथे झाला. पण त्या विचाराला एकाही हिंदी माणसाला बोलावले नव्हते. नंतर १९०२ च्या जानेवारीत सर टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ-आयोग बसला. त्यावर प्रथम एकही हिंदू सभासद नव्हता. ओरड झाल्यावर कलकत्त्याचे न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांना घेण्यात आले, आणि त्यांनी आयोगाच्या अहवालाला आपली भिन्नमतपत्रिका जोडली.

कर्झनसाहेबांची तक्रार मात्र अगदीच खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विद्यापीठे परीक्षांचे कारखाने बनली होती. पाठांतराला ज्ञानाची जागा मिळाली होती. सेनेटवर कित्येक फेलो असे होते की, रावबहादुरी मिळावी तशी त्यांना फेलोशिप मिळाली होती. त्यांचा आणि विद्येचा फारसा परिचय नव्हता. दुखणे खरे होते. भांडण होते ते औषध कोणाच्या हातून घ्यायचे, याविषयी.

हे भांडण वरिष्ठ कायदेकौन्सिलात कलकत्त्यास १९०३ च्या अखेरीपासून १९०४ च्या मार्चपर्यंत चालले. त्या टेबलाभोवती दोन पुणेकर बसले होते. एक डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीतले, रानड्यांचे सहाध्यायी, १८९३ ते १८९५ या काळातले कुलगुरू आणि युरोपातही नाव असलेले संस्कृत पंडित. दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. रानड्यांचे शिष्य, सुमारे अठरा वर्षे तुटपुंज्या वेतनावर शिकवून १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून बाहेर पडलेले. रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले होते. त्यांचा मित्र आणि त्यांचा शिष्य अशा दोघांवर त्यांच्या मागे एकमेकांविरुद्ध बोलण्याची वेळ आली.

भांडारकरांनी विधेयकाचा पक्ष घेतला. त्यांचा विचार सरळ होता. विद्यापीठाचा कारभार विद्वानांनी करावा, वकिलांनी आणि पुढाऱ्यांनी नव्हे. पदवीचा दर्जा घसरत असेल तर तो सावरण्याचे काम सरकारने केले तरी चालेल. ज्याने आपले सारे आयुष्य ग्रंथांच्या सहवासात घालविले, अर्धवट विद्येची ज्याला मनापासून चीड होती, त्याला असे वाटणे स्वाभाविक होते. भांडारकरांना कोणी सरकारचा भाट म्हटले तर तो अन्याय होईल.

गोखल्यांचा विरोध त्याहून खोल पाहणारा होता. ते म्हणत होते ते असे. नव्या व्यवस्थेत फेलोची मुदत पाच वर्षांची. पाच वर्षांनी पुन्हा नेमणूक हवी असेल तर त्याने कोणाकडे पाहायचे? नेमणाऱ्याकडे. तज्ज्ञांची सत्ता आणतो म्हणता, पण आज कॉलेजांतले आणि शिक्षणखात्यातले वरिष्ठ तज्ज्ञ कोण? बहुतांशी युरोपियन. म्हणजे तज्ज्ञांच्या नावाखाली स्वतंत्र बाण्याचा हिंदी माणूस बाहेर जाणार आणि विद्यापीठ हे सरकारचे एक खाते होणार. आणि शिक्षण खरोखर सुधारायचे तर आधी चांगले अध्यापक आणि त्यांच्यासाठी पैसा हवा. तो बाजूला ठेवून सेनेटची मोडतोड करण्याने विद्या कशी वाढणार?

कौन्सिलात मतांची मोजदाद आधीच ठरलेली असे. २१ मार्च १९०४ रोजी विधेयक संमत झाले. १९०४ चा आठवा कायदा तो हा. त्यातली मुख्य कलमे सांगतो, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. तिन्ही जुन्या विद्यापीठांत फेलोंची संख्या कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त १०० ठरली. त्यांपैकी निवडून यायचे फक्त २०. बाकीचे कुलपतीने नेमायचे. मुंबईचा कुलपती कोण, तर मुंबईचा गव्हर्नर. कलकत्त्याचा कुलपती खुद्द व्हाइसरॉय. म्हणजे शंभरांच्या सेनेटमध्ये ८० माणसे सत्तेच्या मर्जीतून आलेली. शिक्षणखात्याचा डायरेक्टर सिंडिकेटवर पदसिद्ध बसणार. कोणत्या कॉलेजला मान्यता द्यायची आणि कोणाची काढून घ्यायची, याबद्दल विद्यापीठाने मत द्यावे, अखेरचा हुकूम मात्र सरकारचा. नियमही सेनेटने करावेत, पण सरकारने संमती देताना त्यांत भर घालावी किंवा फेरफार करावा.

पाहा, यात बंदी कोठेच नाही! अमुक विषय शिकवू नका, अमुक ग्रंथ वाचू नका, असे एक अक्षर या कायद्यात सापडणार नाही. कर्झनसाहेबांनी विद्येला हात लावला नाही. विद्यापीठाच्या तीन किल्ल्या मात्र त्यांनी आपल्या कमरेला लावल्या. पहिली किल्ली नेमणुकीची, दुसरी मान्यतेची, तिसरी पैशाची. कायद्याबरोबर सरकारने वर्षाला ५ लाख रुपये पाच वर्षे देण्याचे जाहीर केले. दाणा टाकल्यावाचून पाखरू जवळ येत नाही, हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते.

कायदा झाला तरी मुंबईत तंटा संपला नाही. नव्या कायद्याखाली काढलेल्या जाहीरनाम्यांत दोष राहिले, हे फेरोजशहांनी हेरले आणि प्रकरण हायकोर्टात नेले. न्यायालयाचा निकाल लागण्याची वाट न पाहता सरकारने १९०५ मध्ये दुसरा कायदा करून आपल्या चुका कायदेशीर ठरविल्या. गोखल्यांनी यालाही कौन्सिलात विरोध केला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. आणि ससा कोणाचा हे ठरविणारा पंचही तोच!

त्याच फेब्रुवारीत कर्झनसाहेब कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान-समारंभात कुलपती म्हणून बोलले. सत्याची उच्च कल्पना ही मुख्यतः पाश्चात्त्यांची आहे, अशा अर्थाचा उपदेश त्यांनी पदवीधरांना केला. दोनच दिवसांत ‘अमृत बझार पत्रिके’त त्यांच्याच एका पुस्तकातला उतारा छापून आला. कोरियाच्या परराष्ट्रखात्याच्या प्रमुखाने वय विचारले असता आपण तेहतिसाच्या ऐवजी चाळीस सांगितले, अशी फुशारकी साहेबांनी त्यात मारली होती. हा उतारा भगिनी निवेदितांनी शोधून दिला, असे सांगतात. विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. कुलपतीच्या त्या आसनावरून एका साऱ्या समाजाला खोटे ठरविले गेले, आणि कायद्याने त्या सभागृहात उत्तर देण्याची सोय कोणालाच नव्हती. उत्तर वर्तमानपत्रातून द्यावे लागले.

किल्ल्या हाती आल्या म्हणजे त्या फिरविण्याचा मोह होतो. १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. लागलीच कार्लाइल या अधिकाऱ्याचे परिपत्रक निघाले की, ज्या संस्थांचे विद्यार्थी चळवळीत जातील त्यांचे अनुदान, शिष्यवृत्त्या आणि मान्यता धोक्यात येतील. १९०७ च्या मे महिन्यात रिस्ले यांच्या परिपत्रकाने हेच धोरण साऱ्या देशाला लावले. पोलिस पाठविण्याची गरज उरली नाही. शिपायाचे काम आता मुख्याध्यापकाने आणि प्राचार्याने करायचे होते.

पण काही ठिकाणी तर परिपत्रकाचीही वाट पाहिली गेली नाही. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. रिस्ले यांचा कागद निघायला तेव्हा अजून दीड वर्ष अवकाश होता. टिळकांनी ‘केसरी’त ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ असे म्हणून कोरडे ओढले. प्राचार्य रँग्लर परांजपे यांची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. विद्यार्थ्यांनी शिकत असताना राजकारणापासून दूर राहावे, हे त्यांचे मत मनापासूनचे होते. आणि मोठ्या कष्टाने उभी केलेली संस्था त्यांना जगवायची होती. परंतु शिस्तीचा हेतू कोठे संपतो आणि अनुदानाची भीती कोठे सुरू होते, हे अशा वेळी त्या माणसाला स्वतःलाही नेमके सांगता येत नाही. ग्रँटसाहेबांचीच गोष्ट ही. फक्त शिक्षक आता आपला होता.

ज्यांनी किल्लीच नाकारली त्यांचे काय झाले? प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढले. तळेगावच्या त्या शाळेला सरकारी पैसा नको होता आणि मान्यताही नको होती. १९१० साली सरकारने ती बंद पाडली. म्हणजे जेथे तीन किल्ल्या चालत नाहीत तेथे चौथी, दंडुक्याची, तयार होतीच.

तरी एक प्रसंग असा घडला की त्यात किल्ली फिरविणाऱ्याचाच हात पोळला. पूर्व बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर बॅम्फिल्ड फुलर यांनी सिराजगंजच्या दोन शाळांतील मुलांच्या वर्तनाबद्दल त्या शाळांची मान्यता काढून घ्यावी, असा कलकत्ता विद्यापीठाकडे आग्रह धरला. हिंदुस्थान सरकारने त्यांना हा आग्रह सोडण्यास सांगितले, कारण प्रश्न सेनेटपुढे गेला असता तर उघड वादविवाद माजला असता. फुलरसाहेब हट्टाला पेटले, त्यांनी राजीनामा पुढे केला आणि ऑगस्ट १९०६ मध्ये तो स्वीकारला गेला. सेनेट तर सरकारनेच नेमलेले होते! तरीसुद्धा तेथे होणाऱ्या उघड चर्चेची सत्तेला धास्ती वाटली. विद्यापीठाच्या हाती बाकी काही नसले आणि केवळ उघड चर्चेचा हक्क असला, तरी ते अगदीच निःशस्त्र नसते.

आता कलकत्त्याच्या सर आशुतोष मुखर्जींकडे वळू. गणितात असामान्य गती, १९०४ पासून हायकोर्टाचे न्यायाधीश, १९०६ ते १९१४ सलग कुलगुरू. कौन्सिलात कर्झनच्या विधेयकावर टीका करणारे आशुतोष तोच कायदा राबविण्यासाठी पुढे सरसावले, याचे तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. पण त्यांचे लक्ष त्या कायद्यातल्या एका दुर्लक्षित गोष्टीवर होते. विद्यापीठाने स्वतः अध्यापक नेमून शिकवावे, अशी मुभा त्यात दिलेली होती. सरकारने ती शोभेसाठी ठेवली असेल. आशुतोषांनी तिच्यातून पदव्युत्तर शिक्षणाचे आणि संशोधनाचे केंद्र उभारले. तारकनाथ पालितांनी सुमारे १५ लाखांची आणि रासबिहारी घोषांनी १० लाखांची देणगी विज्ञान कॉलेजाला दिली. पालितांच्या दानपत्रात अट होती की, त्यांच्या नावाच्या अध्यापकपदांवर हिंदी माणूसच नेमावा. त्या पदावर १९१७ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन आले. त्याच वर्षी प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर भांडारकरांचे पुत्र देवदत्त रामकृष्ण पुण्याहून गेले. बंगालच्या विद्यापीठात मद्रासी आणि मराठी विद्वानांना मान मिळाला, तो परक्या सत्तेच्या काळात आणि तिच्या इच्छेवाचून मिळाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मात्र पहिली किल्ली अजून सरकारच्याच हाती होती. १९१३ मध्ये विद्यापीठाने नेमलेल्या तीन व्याख्यात्यांना हिंदुस्थान सरकारने त्यांच्या राजकीय संबंधांवरून संमती नाकारली. अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुऱ्हावर्दी आणि काशीप्रसाद जायसवाल हे ते तिघे. यांतल्या जायसवालांनीच पुढे १९२४ मध्ये प्राचीन हिंदी राज्यव्यवस्थेवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. व्याख्यात्याची विद्वत्ता सरकारने तपासलीच नव्हती. त्याची संगत तपासली होती. दुसऱ्या वर्षी आशुतोषांची कुलगुरुपदाची मुदत संपली आणि ती वाढविली गेली नाही.

१९२१ मध्ये ते पुन्हा कुलगुरू झाले, तेव्हा काळ पालटला होता. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी शिक्षणखाते प्रांतातल्या हिंदी मंत्र्याकडे आले होते आणि कलकत्त्याचा कुलपती आता बंगालचा गव्हर्नर होता. विद्यापीठ कर्जात बुडालेले. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले. पण सोबत अटी होत्या. हिशेब वेळोवेळी सरकारपुढे ठेवावेत, विस्ताराला आवर घालावा, अशा स्वरूपाच्या त्या होत्या. वरवर पाहता त्यांत गैर काय? कर्जबाजारी माणसाला सावकार असेच सांगतो. परंतु आशुतोषांनी सेनेटमध्ये सांगितले की, या पैशाबरोबर दास्य येत असेल तर तो नको; आम्ही दारोदार भिक्षा मागू, अध्यापक उपाशी राहतील, पण विद्यापीठ सरकारचे खाते होऊ देणार नाही. सेनेटने त्यांना साथ दिली. ज्या सेनेटची घडण कर्झनने सरकारच्या सोयीसाठी केली होती, तेच सेनेट!

मार्च १९२३ मध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्यांना पत्र लिहिले. पुन्हा कुलगुरू होण्यास आमची हरकत नाही. मात्र सरकारच्या विद्यापीठ-विधेयकाला विरोध न करता सरकारशी सहकार्य करण्याची हमी हवी, असा त्याचा मथितार्थ होता. पत्राची तारीख २४ मार्च. उत्तराची २६ मार्च. दोन दिवसांत आशुतोषांनी कळविले की, हा देकार अपमानाचा आहे आणि तो मी नाकारतो. पुढच्याच वर्षी, मे १९२४ मध्ये ते वारले.

त्यांच्या टीकाकारांचे म्हणणेही खोटे नव्हते. ते एकहाती कारभार करीत, खर्चाला ताळतंत्र नव्हता, परीक्षा सैल झाल्या, असे अनेक चांगले लोक म्हणत. आणि येथेच या इतिहासातला कठीण धडा आहे. १९०४ साली सरकारला आत शिरायला वाट मिळाली ती घसरलेल्या दर्जातून. १९२२ साली मिळाली ती फाटक्या खिशातून. सत्ता भिंत फोडून येत नाही. आपणच दुरुस्त न केलेल्या खिंडारातून ती येते. म्हणून भांडारकरांचे म्हणणे आणि गोखल्यांचे म्हणणे ही एकमेकांची उत्तरे नव्हती. ते एकाच कर्तव्याचे दोन भाग होते. घर झाडलेही पाहिजे आणि किल्लीही आपल्याच कमरेला हवी.

याच काळात महाराष्ट्रात एका माणसाने हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडविला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, ते सरकारच्या कायद्याबाहेर. सनद नाही, अनुदान नाही, शिक्षण मातृभाषेतून. त्याचे पहिले कुलपती झाले डॉ. भांडारकर आणि पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे! ज्यांनी कर्झनच्या कायद्याला हातभार लावला आणि ज्यांनी होळी पेटविणाऱ्याला दंड केला, तेच दोघे आता एका स्वतंत्र, निर्धन विद्यापीठाच्या दाराशी उभे राहिले. माणसांवर एकदा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांनी याचा विचार करावा. कर्व्यांनी गावोगाव फिरून पैसा जमविला. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख देऊ केले. त्यांच्याही अटी होत्या. विद्यापीठाला मातोश्रींचे नाव द्यावे, ठाणे मुंबईस हलवावे. नाव आणि गाव यांपुरत्या त्या अटी होत्या. काय शिकवावे आणि कोण शिकवावे यांना त्यांनी स्पर्श केला नाही. या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. पस्तीस वर्षे त्याच्या पदवीधर स्त्रियांनी मान्यता नसलेली पदवी अभिमानाने मिरविली. स्वातंत्र्याची किंमत अशी रोख मोजावी लागते.

१९४७ साली परकी सत्ता गेली. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा जोराने पुरस्कार केला. त्याच सुमारास पुण्याचे विद्यापीठ स्थापन झाले. पण त्याच्या कायद्यात कुलपती कोण? राज्याचा गव्हर्नरच. आजही बहुतेक राज्यांत, आणि महाराष्ट्रातही, राज्यपाल हाच पदसिद्ध कुलपती आहे. कर्झनने कमरेला लावलेल्या किल्ल्या जाताना कोणी मोडून टाकल्या नाहीत. त्या नव्या धन्याच्या हाती दिल्या. नवा धनी आपला आहे, मतांनी निवडलेला आहे, हा फरक लहान नाही. परंतु १९२२ साली अटी घालणारे मंत्रीही हिंदीच होते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या काळात परक्या सत्तेचा हात आणखी लांबून येतो. २०१७ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने चीनच्या मागणीवरून आपल्या एका नियतकालिकातले तीनशेंहून अधिक लेख व परीक्षणे चिनी वाचकांसाठी बंद केली. तेथे चीनचा सैनिक नव्हता, गव्हर्नर नव्हता. बाजारपेठ गमावण्याची भीती होती. जगभरच्या विद्वानांनी निषेध केला आणि काही दिवसांतच ते लेख पुन्हा खुले झाले. त्याच वर्षी हंगेरीत उलट प्रकार झाला. बुडापेस्टचे सेंट्रल युरोपियन विद्यापीठ परक्या पैशावर चालते म्हणून तेथल्या स्वदेशी सरकारने असा कायदा केला की, २०१९ मध्ये विद्यापीठाला आपले मुख्य काम व्हिएन्नात हलवावे लागले. युरोपीय न्यायालयाने २०२० मध्ये तो कायदा चुकीचा ठरविला. पण विद्यापीठ गेले ते गेले. म्हणजे परक्यांचा हस्तक्षेप हे जसे संकट आहे, तसे परक्यांच्या हस्तक्षेपाची हाकाटी हेही घरच्या सत्तेच्या हातचे हत्यार होऊ शकते.

तेव्हा परीक्षा कोणती लावायची? धनी गोरा की काळा, घरचा की बाहेरचा, एवढेच विचारून भागणार नाही. अध्यापकाची निवड त्याच्या विद्येवरून होते की संगतीवरून? मान्यता गुणांवरून मिळते की मर्जीवरून? पैशाबरोबर हिशेब मागितला जातो की मौन मागितले जाते? हिशेब मागण्याचा हक्क पैसा देणाऱ्याला आहे. मौन मागण्याचा हक्क कोणालाच नाही. हे तीन प्रश्न आपण आपल्या विद्यापीठांना दरवर्षी विचारावेत, आणि ते बंद दाराआड न विचारता अशा उघड सभेत विचारावेत. सिराजगंजच्या प्रकरणात परक्या सत्तेला धास्ती वाटली होती ती याच गोष्टीची.

न्यायमूर्ती रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. त्यांचे मत मात्र बंद पडले नाही. मराठ्यांच्या राज्याविषयी त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनी पुढे चाळीस वर्षांनी, १९०० साली, ‘मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष’ या विषयावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात लिहून ठेवले. ज्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, त्यांच्याकडून आपण घ्यायचे ते हे. विद्यापीठाचे दार कोणाच्याही हाती असो, विद्येचे दार मिटू द्यायचे नाही; आणि पहिल्या दाराच्या किल्ल्या योग्य हाती येईपर्यंत त्या मागण्याचे थांबवायचे नाही.